भेगा बुजवायच्या न्हाईत

प्रदर्शन उघडायला एक दिवस उरला होता आणि वरदनं माझ्या जमिनीच्या भेगा बुजवून टाकल्या. मला न विचारता. सकाळी अकराला मी मंडपात पोचले, टेबलाला हात लावला, दांडाचं दार उघडलं, आणि पाणी गेलं कसं, तर फरशीवर बादली लवंडावी तसं. सात सेकंदांत दहाव्या झाडापर्यंत. निळंशार, चकचकीत, वर उन्हाची तिरीप. बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर. मला वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबला.

आधी टेबल काय ते सांगते. जालन्यात मोसंबीचं प्रदर्शन भरणार होतं, चार दिवसांचं. त्यात पलंगाएवढं एक टेबल, त्याचा वरचा सगळा भाग म्हणजे बोटानं चालणारा पडदा. पडद्यावर मोसंबीची बाग, आभाळातून बघितल्यासारखी. दहा झाडं, प्रत्येकाच्या बुडाशी गोल आळं, बाजूनं दांड, म्हणजे पाणी वाहायची चारी. बोटानं माती ओढायची, आळ्याचं दार, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, फोडायचं, दार बांधायचं. पाणी कुठं जाईल ते आधी काढून ठेवलेलं नाही. ती फिल्म नाही. जमिनीचे अडीच लाख चौकोनी तुकडे पाडलेत. दर सेकंदाला साठ वेळा प्रत्येक तुकडा शेजारच्याला विचारतो, तुझ्याकडं पाणी किती, उतार किती, ओल किती, आणि त्याप्रमाणं पाणी घेतो नाहीतर देतो. तुम्ही बोटानं बांध फोडला की सगळं गणित त्या क्षणी बदलतं.

हे गणित मी लिहिलं. मी, तृप्ती, हसनाबादची, तालुका भोकरदन. जालन्यातल्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून घरी आणलेला कॉम्प्युटर, त्यात मागाहून बसवलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड, आणि मोबाईलवर वाचलेली इंग्रजी पुस्तकं, एकेक ओळ शब्दकोशात घालून. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवणाऱ्याला येत असतं तर शिकवलं असतं.

वरद पुण्याच्या स्टुडिओचा माणूस. मूळचा जालन्याचाच, वडील कचेरीतून रिटायर झालेले, घरात सगळे शिकलेले, इंग्रजी पाण्यासारखी. टेबल त्यांचं, पडदा त्यांचा, झाडं आणि सावल्या त्यांच्या. पाणी आणि माती तेवढी माझी. वरद वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"भेगा कुठं गेल्या?" मी विचारलं.

"अगं, बग होता तो. काढला मी," तो खुशीत म्हणाला. "पाणी गायब होत होतं. पहिल्या आळ्याचं दार उघडलं की आत गडप. चाळीस-पंचेचाळीस सेकंद पडद्यावर काहीच नाही. आणि मग एकदम चौथ्या आळ्यातून वर. बांध न फोडता. बांधाच्या खालून लीक होत होतं, तृप्ती. कधी चौथ्यात, कधी सहाव्यात. तुला फोन करणार होतो, पण म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

मला राग आला तो त्यानं विचारलं नाही याचा. त्याला बग समजला याचा नव्हे. ती चूक मीही केली होती, आणि त्याच्यापेक्षा जास्त दिवस.

मोसंबीचा बहार धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. दीड-दोन महिने झाडाला थेंब द्यायचा नाही. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. काळी जमीन तडकते, अशी की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. मग एक दिवस ताण तोडायचा, म्हणजे पहिलं पाणी द्यायचं. ते हलकं द्यायचं, त्याला आंबवणी म्हणतात. बहुतेकांकडं आता ठिबक आलं. आमच्या बागेत अजून दांडानं पाणी जातं आणि तीस वर्षं झाली, ते दुर्गाबाई देते. दुर्गाबाई म्हणजे माझी माय.

मी माती लिहिली तेव्हा तिला दोनच गोष्टी सांगितल्या. ओल गेली की आक्रसायचं, ओल आली की फुगायचं. आक्रसताना दोन तुकड्यांत फट पडेल, फटीत पाणी उतरेल, फुगल्यावर फट मिटेल. बस. चालवून बघितलं तर पहिल्या आळ्यात सोडलेलं पाणी पाचव्यात निघालं. एकोणीस दिवस मी ती चूक शोधली. जेवताना तीच, सरकी टाकायला गेले तरी तीच. शेवटी वैतागून ठरवलं की फटीतलं पाणी आडवं जाणंच बंद करून टाकू, फक्त खाली जाऊ दे. तेवढ्यात माय भाकरी थापता थापता उठून आली, हाताला पीठ तसंच.

"काय करून राह्यली एवढं?"

"चुकून राह्यलं माय. इथं सोडलं तर तिथं निघतंय."

"दाव पुन्हा."

दावलं. ती वाकून बघत राहिली. पिठाचं बोट पडद्याला लागू नये म्हणून हात मागं धरलेला.

"हे आपलंच वावर हाय का?"

"आपलंच. मापं आपलीच घेतली."

"मंग बराबर हाय की. पहिल्याला सोडलं तर निघतंय आपल्याइथं पाचव्याला. कधी चौथ्याला. ज्या साली जमीन जशी फाटंल तसं. तुझ्या बापाला म्हाईत न्हाई ते, तो बसतो मोटरीपाशी फोन बघत."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"तू कधी दारं धरली? पाण्याला चल म्हणलं की तुझी परीक्षा असायची."

खरं होतं. शेतकऱ्याची पोरगी म्हणून मी चारचौघांत छाती काढून बोलते, पण फावडं घेऊन आळ्यापाशी मी चारदासुद्धा उभी राहिले नव्हते. जानेवारीत ताण तोडायच्या दिवशी गेले. माय पहिल्या झाडाला दार फोडून फावड्यावर रेलली. पाणी आळ्यात शिरलं, पुढं फेस आणि वाळली पानं ढकलत, आणि भेगेच्या तोंडाशी जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे वर थांबलं, आत घटाघट आवाज येत होता, बुडबुडे फुटत होते. मी म्हणाले, फुटलं का कुठं? माय म्हणाली, थांब, पितंय. अर्धा तास आम्ही उभ्या. मग पाचव्या झाडाच्या बुडाशी माती काळी पडली, मुंग्या अंडी तोंडात धरून बाहेर पळाल्या, आणि पाणी वर आलं.

मी शेजारच्या आळ्यात बसले. मला जे माहीत नव्हतं ते माझ्या गणिताला माहीत होतं. मी त्याला पाचव्या झाडाचं नावही सांगितलं नव्हतं. त्याला मी फक्त आक्रस आणि फुग एवढं सांगितलं, आणि त्यानं माझ्या मायचं तीस वर्षांचं पाणी जसंच्या तसं पुढं ठेवलं. लोक डोंगर चढून झेंडे लावतात. मला कोरड्या आळ्यात बसून तसं वाटलं.

आणि वरद म्हणत होता, बग.

"भेगा परत आण," मी म्हणाले.

"ऐक. चार वाजता शरयू मॅडम येणार. त्यांनी हो म्हटलं की टेबल लॉक, मग चार दिवस तेच चालणार. पडद्यापुढं माणूस आठ सेकंद थांबतो, तृप्ती. आमच्याकडं आकडे आहेत. काही हललं नाही की म्हणतो बंद पडलंय आणि पुढं जातो."

"कुठले आकडे?"

"पुण्याचे, मुंबईचे. मॉलमधले."

"त्यांच्या नळाला पाणी येतं. ते काहून थांबतील?"

"भांडू नकोस."

"भांडूनच राह्यले. हे टेबल शिकवायला ठेवलंय ना? उद्या एखादा नवा बागवाला बघंल, म्हणंल सात सेकंदात पाणी दहाव्या झाडाला. मंग खोटं शिकवायचं का?"

"खोटं नाही गं. सोपं केलंय."

सोपं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकते. आमची भाषा सोपी करून घेतात, आमची नावं सोपी करून घेतात, आमचं गाव पडद्यावर घेतात ते धूळ पुसून, भेगा लिंपून, पाणी निळं करून. आणि वर म्हणतात, बघा, तुमचंच आहे. आमचं पाणी निळं नसतं. ते चहासारखं असतं आणि त्याला तोंडाला फेस असतो.

मी मायला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हटलं आजच ये. तिनं काहून म्हणून विचारलं नाही. दोन गाड्या बदलून साडेतीनला मंडपाच्या दारात उभी, पदर डोक्यावर, चपला हातात, कारण आत हिरवा गालिचा अंथरला होता.

"चपला घाल माय."

"चांगलं हाय ना ते. खराब कशाला करायचं?"

चारला शरयू मॅडम आल्या. प्रदर्शनाचा शेवटचा शब्द त्यांचा. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर, फोन सारखा वाजणारा. दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन्ही दाखवा."

वरदनं त्याचं दाखवलं. त्यांनी दार उघडलं, पाणी पळालं, दहा झाडं ओली. "छान," त्या म्हणाल्या.

मग मी माझं लावलं. त्यांनी दार उघडलं. पाणी पहिल्या आळ्यात गेलं, फेस धरला, गडप. पाच सेकंद. दहा. त्यांनी पडद्यावर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. दुसरं दार फोडलं, तिसरं फोडलं, तिथलंही पाणी गडप. "अडकलं का हे?"

"मॅडम, थांबा जरा. जमीन पिऊन राह्यली."

फोन वाजला. त्या चार पावलं बाजूला जाऊन बोलल्या. तेवढ्यात सातव्या आळ्यात माती काळी पडली, पाणी वर आलं, तीन दारांचं पाणी एकत्र होऊन असं सुरेख फुगत आलं की वरदसुद्धा पुढं वाकला. मॅडमची पाठ आमच्याकडं होती. परत आल्या तोवर सगळी बाग भरलेली.

"तृप्ती, मेहनत दिसते," त्या म्हणाल्या. "पण लोकांना कळायला हवं. पहिलं ठेवू."

झालं. दोन वर्षांचं काम, आणि एका फोनमध्ये संपलं. माझ्या तोंडात एक शिवी आली होती. ती मी गिळली नसती, पण माय मधी बोलली.

"मॅडम, तुमची मोसंबी हाय का?"

"नाही मावशी. आमची शेती नाही."

"मंग तुम्हाला कसं कळंल? तुमचा काही गुन्हा न्हाई त्यात. एखाद्या बागवाल्याला इचारा."

"तुम्ही बागवाल्याच ना? पण तुम्ही हिच्या आई. तुम्ही हिच्याच बाजूनं बोलणार."

"बिलकुल बोलणार," माय म्हणाली. "म्हणून तर म्हणलं, दुसऱ्याला इचारा."

मॅडम हसल्या. शेजारच्या स्टॉलवर साठी उलटलेला एक माणूस मोसंबीचा ढीग रचत होता, एकावर एक, वरचं फळ घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. परतूर तालुक्यातल्या आष्टीचे रामराव. आम्ही त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. मॅडमनी हाक मारली तर म्हणाले, "हा ढीग पाडला कोणी तर मी पुन्हा रचणार न्हाई बरं." पण आले.

आधी वरदचं. रामरावांनी बोट ठेवलं, दार उघडलं, पाणी सुसाट. त्यांनी तळहात पडद्यावर फिरवला, जमीन चाचपावी तसा.

"काय पीक हाय हे?"

"मोसंबी, काका," वरद म्हणाला.

"ताणावरची?"

"हो. दोन महिन्यांच्या."

"आन जमीन?"

"काळी."

"काळी न्हाई ही, ही फरशी हाय. असं पाणी पळालं असतं तर मला दुसरं लगीन करायला टाइम भेटला असता."

माय पदरात हसली. मॅडम हसल्या नाहीत, चष्मा डोळ्यावर घेतला.

मग माझं. रामरावांनी पहिल्या आळ्याचं दार उघडलं. पाणी आत गेलं, फेस धरला, भेगेत शिरलं. आणि रामरावांनी हात उचलला, दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक धरले, आणि उभे राहिले. पडद्याला हात लावला नाही. टेबलाच्या त्या बाजूला माय तशीच. पंधरा सेकंद. वीस. मी मॅडमकडं बघत होते. मॅडम टेबलाकडं बघतच नव्हत्या, त्या या दोघांकडं बघत होत्या.

"पितंय," रामराव म्हणाले.

"लई तहानली हाय," माय म्हणाली.

"कुठून निघंल, ताई?"

"चौथ्याला."

"न्हाई, न्हाई. उतार बघा ना कुणीकडं हाय. सहाव्याला निघतंय ते."

"सहावं दूर पडतं, दादा. मधीच मुरून जाईल."

"लावता का पैज?"

"लावते. तो तुमचा ढीग लावा."

"तुम्ही काय लावता?"

"माझ्या चपला. नव्या हाय."

वरद माझ्या कानाशी आला. "कुठं निघणार आहे?"

"मला काय म्हाईत."

"म्हणजे? लिहिलंयस ना तू?"

"माती लिहिली. भेगा दर खेपेला नव्या पडतात."

तो काहीतरी विचारणार होता, पण त्याचे डोळे टेबलावरच राहिले. तो माणूस नऊ वर्षं पडद्यावर पाणी काढतो. लाटा काढल्यात, धबधबे काढलेत, सिनेमाला काढलेत. पण पाणी पुढं काय करेल हे माहीत नसताना तो पहिल्यांदाच उभा होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

पाचव्या आळ्यात माती काळी पडली.

"पाचवं," रामराव म्हणाले. "घ्या. तुमचंबी गेलं आन माझंबी."

"चपला वाचल्या," माय म्हणाली.

पाणी वर येत होतं, गढूळ, कडेला काडीकचरा. रामरावांनी लगेच वाकून पहिल्या आळ्याच्या दारात माती ओढली. "बांधा, बांधा जल्दी. आंबवणी हाय ना ही? जास्ती गेलं तर नुसती पालवी फुटंल, फूल न्हाई यायचं." त्यांच्या बोटाखाली माती ओढली गेली, ओली, चिकट, दारात बसली, आणि पाणी तुटलं. भेगा काठाकाठानं मिटत आल्या. मी ते हजारदा बघितलं होतं. परक्या माणसाच्या हातून बघितलं नव्हतं. 

"कोणी केलं हे?" रामरावांनी विचारलं.

वरदनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल, आमच्या टीमनं.

"हिनं," तो म्हणाला. "मी बिघडवलं होतं."

रामरावांनी मला खालून वर बघितलं. "कुणाची पोरगी?"

"माझी," माय म्हणाली, आणि लगेच टेबलाकडं वळली. "पण झाडं चुकली हाय. दोन महिन्याच्या ताणाला अशी टवटवीत पानं राहतात का? ही कोणाची झाडं?"

"माझी," वरद म्हणाला.

"मंग सुधरा भाऊ. हातासरशी करून टाका."

तो खरंच लॅपटॉप उघडून बसला आणि माय त्याच्या खुर्चीमागं उभी राहून सांगायला लागली, अजून पिवळं, अजून, खाली पडलेली पानं दाव, फांद्या उघड्या दिसू दे. तो हो मावशी, हो मावशी करत होता. मी असं काही सांगितलं असतं तर मला आकडे दाखवले असते.

शरयू मॅडम माझ्याजवळ आल्या. "मी थांबले नाही," त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, आडवळण नाही. "पण हे माझ्यासाठी नाहीच. भेगा ठेवा. फक्त खाली एक ओळ लिहा, जमीन पाणी पीत आहे म्हणून."

"ओळ लिहिते," मी म्हणाले. "पण पाटी बदलायची."

"कोणती पाटी?"

टेबलाच्या पायाशी पाटी होती. निर्मिती म्हणून स्टुडिओचं नाव, मोठ्या अक्षरात, खाली कुणाचंच नाही. सकाळपासून मी ती बघून न बघितल्यासारखं करत होते.

"पाणी आणि माती, तृप्ती, हसनाबाद. असं पाहिजे. त्याच्या खाली दुर्गाबाईचं नाव. तिनं सांगितलं नसतं तर मीसुद्धा भेगा बुजवल्या असत्या."

"पाट्या छापून झाल्यात, तृप्ती."

"मंग पुन्हा छापा."

मी विनंती केली नाही. करायला पाहिजे होती असं मला आजही वाटत नाही. मॅडमनी पर्समधून पेन काढला आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. "दुर्गाबाई पुढं काय?"

माय तिकडून ओरडली, "माझं काहून? मी काय केलं? मी तर नुसतं बघितलं."

"लावून घ्या, ताई," रामराव म्हणाले. ते ढिगाकडं निघाले होते, पण गेले नव्हते. "उद्या पाणी चुकलं तर शिव्या कोणाला द्यायच्या ते तरी कळंल."

"मंग लावा," माय म्हणाली. "पाणी चुकत न्हाई माझं."

असं ती कधी बोलत नाही. तीस वर्षांत बांधावरून तिला कुणी विचारलंच नव्हतं की पाणी कोण देतं. विचारायचे ते मोटर कुणाची. मी मान वळवून मंडपाच्या कापडाकडं बघितलं थोडा वेळ.

पाच वाजत आले होते. वरदची झाडं पिवळी झाली, पानं खाली पडली, बाग उजाड दिसायला लागली, आणि खरी दिसायला लागली. त्यानं लॉक करायच्या आधी मॅडमना विचारलं, शेवटचं बघता का. मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. पहिल्या आळ्याचं दार बोटानं फोडलं. पाणी गेलं, फेस धरला, भेगेत उतरलं. त्यांनी हात मागं घेतला. दोन्ही हात रामरावांसारखे पाठीमागं नाही, पोटाशी धरले, देवळात धरतात तसे, आणि उभ्या राहिल्या.

"कुठं निघेल गं?" हळूच विचारलं.

"बघत राहा," मी म्हणाले.